दारावरच्या स्टिकरपासून सुरुवात: आमचा ट्रॅव्हल ट्रेलर कसा निवडला

१९ जूनला, बुधवारी दुपारी, मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्सहून परतलो. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, स्टोरेजच्या जागेत उभा केला, चाकांखाली ठोकळे लावले, गाडीपासून दांडी सोडवली आणि मला एकदम हलकं वाटलं. फेब्रुवारीपासून सुरू असलेलं प्रकरण एकदाचं पार पडलं होतं. हे सगळं सुरू करताना मराठीत कुणी आपल्या शब्दांत सांगितलेलं हवं होतं, ते मला सापडलं नाही. म्हणून आमचा २०२४ चा अनुभव क्रमाने लिहून ठेवते आहे.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. माझे आई-बाबा जूनमध्ये सांगलीहून पाच महिन्यांसाठी येणार होते. मागच्या खेपेला त्यांना मोटेलमध्ये ठेवून फिरवलं तेव्हा दोघांचेही हाल झाले. बाबांचे गुडघे दुखतात, आईला बाहेरचं दोन दिवसांवर चालत नाही. तंबूत जमिनीवर झोपणं शक्य नाही. आपलं अंथरूण, आपला संडास आणि आपला कुकर बरोबर घेऊन जाता आलं तर आई-बाबा खरंच चार ठिकाणं बघतील, एवढ्याच विचाराने आम्ही ट्रेलरकडे वळलो.

फेब्रुवारीत शिकागोजवळच्या एका आरव्ही शोला, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या प्रदर्शनाला, गेलो. पहिल्या तासाभरातच मुलांनी एक ट्रेलर पसंत केला. मागे दोघांसाठी बंक, पुढे मोठा पलंग आणि बटण दाबलं की भिंत बाहेर सरकून खोली रुंद होणार. सहा जण आरामात झोपतील असा. विक्रेत्याने विचारलं, गाडी कोणती? आमच्याकडे २०१९ ची टोयोटा हायलँडर आहे, व्ही-सिक्स. तो म्हणाला, तुमची गाडी पाच हजार पाउंड ओढते, हा ट्रेलर चव्वेचाळीसशेचा आहे, सहाशे पाउंड हातात राहतात. हिशोब पटला. पाचशे डॉलर देऊन ट्रेलर धरून ठेवायला सांगितला. रक्कम परत मिळेल हे पावतीवर लिहून घेतलं, तेवढी एक गोष्ट शहाणपणाची केली.

घरी आल्यावर नवऱ्याने गाडीचं मॅन्युअल उघडलं आणि रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन बर्फात उभं राहून आम्ही गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं. टायरमध्ये हवा किती भरायची ते बघायला आपण ते वाचतो, पण वरची ओळ पाच वर्षांत एकदाही वाचली नव्हती. त्यावर लिहिलं होतं की प्रवासी आणि सामान यांचं मिळून वजन ५७६ किलो किंवा १२७० पाउंडांच्या वर कधीही जाऊ नये. ट्रेलर निवडायची सुरुवात करायची ती इथून. हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचाही वेगळा असू शकतो, म्हणून इंटरनेटवरचा आकडा घेऊ नका. आपलं दार उघडा आणि फोटो काढून ठेवा.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलेला हिशोब असा होता. ट्रेलरचं चव्वेचाळीसशे हे रिकामं वजन. त्यात बॅटरी नाही, पाणी नाही, भांडी-अंथरुणं नाहीत. पाणी एका गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड तिथेच वाढले. सगळं भरल्यावर हा ट्रेलर सहज ५३०० वर जाणार, म्हणजे गाडीच्या मर्यादेच्या बाहेर. शिवाय ते पाच हजारही गाडीत दोनच माणसं, तीही दीडशे-दीडशे पाउंडांची, धरून काढलेले असतात. आम्ही सहा जण.

दुसरं म्हणजे दांडीचा भार. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन गाडीच्या मागच्या हुकावर येतं, त्याला टंग वेट म्हणतात. ५३०० चे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ६६०. आमच्या गाडीला हुकावर पाचशेच चालतात. आणि हे ६६० पाउंड स्टिकरवरच्या १२७० मधूनच वजा होतात, कारण गाडीला ते डिकीत ठेवलेल्या सामानासारखेच. आम्हा चौघांचं वजन ४५०, आई-बाबांचं २८५, जोडणीचा लोखंडी हिच ७५. सगळं मिळून १४७० झालं. एकही बॅग न ठेवता आम्ही दोनशे पाउंड वर होतो.

मुलीने विचारलं, "पण त्या काकांनी तर चालेल म्हणून सांगितलं होतं ना?" तिला मी एवढंच सांगितलं की त्यांनी एकच आकडा बघितला, आपल्याला चार बघायचे आहेत. दुसऱ्या दिवशी फोन करून ट्रेलर सोडला. पाचशे डॉलर परत यायला तीन आठवडे आणि चार ईमेल लागले. आले, पण दर वेळी पावतीचा फोटो जोडावा लागला.

हे सगळं फोनवर बाबांना सांगत होते. मला वाटलं त्यांना कंटाळा येईल, पण ते म्हणाले, "अगं, ही तर बैलगाडीचीच गोष्ट आहे." बाबा खेड्यात वाढले, उसाच्या गाड्या भरलेल्या आहेत. त्यांनी समजावलं की गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की सगळं ओझं त्यांच्या मानेवर येतं आणि बैल बसतात. "गाडी भरणारा माणूस आधी जू हातात धरून बघतो, बाळ. किती दाब आला ते हाताला कळतं." दहा ते पंधरा टक्के का, हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. पण दांडीवर भार कमी पडला की ट्रेलर रस्त्यावर शेपटी का हलवतो आणि जास्त झाला की गाडीचं नाक वर उचलून पुढच्या चाकांची पकड का सुटते, हे मला त्या फोनवर कळलं. त्यानंतर कुठलाही ट्रेलर बघताना मी आधी चाकांचा आस कुठे आहे, पाण्याची टाकी त्याच्या पुढे की मागे आणि सामानाचा कप्पा कुठे, हे बघायला लागले.

मग प्रश्न उरला की गाडी बदलायची का. पिकअप घेतला तर मोठा ट्रेलर ओढता येतो. आठवडाभर आम्ही तोही विचार केला. पण ट्रेलर वर्षातून वीस-पंचवीस रात्री वापरणार, आणि पिकअप रोज मुलांना शाळेत आणि मला ऑफिसला नेणार. त्याचं कर्ज रोजचं. आम्ही ठरवलं की गाडी हीच, ट्रेलर तिच्या बेताचा. तुमच्या वापराच्या रात्री जास्त असतील तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

१६ मार्चला इंडियानातल्या एल्कहार्टला गेलो. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर या भागातल्या कारखान्यांत तयार होतात, त्यामुळे थोड्या अंतरात पुष्कळ प्रकार बघायला मिळतात. एक लक्षात ठेवा, एल्कहार्टचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे. आम्ही विसरलो आणि सकाळचा एक तास तिथेच गेला. तिथे आरव्ही हॉल ऑफ फेमचं संग्रहालय आहे. १९१३ चा अर्ल ट्रेलर तिथे ठेवलाय, फोर्ड मॉडेल टीच्या मागे. जुनी, छोटी, लाकडी पेटीसारखी खोली. मॉडेल टीचं इंजिन वीस अश्वशक्तीचं. मी त्या ट्रेलरसमोर बराच वेळ उभी होते. गाडीला झेपेल तेवढीच खोली, हा हिशोब तेव्हाही कुणीतरी बसून केला असणार.

ट्रेलर बघायला जाताना टेप, वही आणि घरच्या सगळ्यांची वजनं जवळ ठेवा. आणि माहितीपत्रकावर विसंबू नका. प्रत्येक ट्रेलरवर त्याचं स्वतःचं लेबल असतं, त्यावर एकूण कमाल वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर आणि त्यात सामान किती घालता येईल ते लिहिलेलं असतं. आम्ही शेवटी घेतलेल्या ट्रेलरचं माहितीपत्रकातलं रिकामं वजन २८५० होतं, लेबलवरून निघालं २९८०. एका ट्रेलरमध्ये सामानासाठी जेमतेम साडेपाचशे पाउंड उरत होते. पाणी भरलं की निम्मे संपले. दिसायला तो सगळ्यांत सुंदर होता.

विकत घेण्याआधी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी असं मनापासून वाटतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तसाच एक छोटा ट्रेलर दोन रात्रींसाठी भाड्याने घेतला. मालकाने तो कॅम्पग्राउंडवर आणून लावून दिला, त्यामुळे ओढायचा प्रश्न नव्हता. सगळं धरून ३८० डॉलर. त्यात पलंग कोपऱ्यात होता, तीन बाजूंना भिंत. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने नीट बघितलं आणि विचारलं, "रात्री उठायचं झालं तर मी ह्यांच्या अंगावरून जाऊ का?" सत्तरीच्या माणसांसाठी हा एकच प्रश्न शंभर फोटोंपेक्षा मोलाचा आहे. त्याच रात्री ठरलं की पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे, पलंग गुडघ्यापेक्षा फार उंच नको आणि संडास तीन पावलांवर हवा. हेही कळलं की अंघोळ आणि संडास एकाच छोट्या जागेत असेल तर एकाच्या अंघोळीनंतर दुसऱ्याला ओल्या जमिनीवर जावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांना ते नकोच.

सरकती भिंतही सोडली. तिचं वजन बरंच असतं आणि बिघडण्यासारखं आणखी एक यंत्र वाढतं.

सहा जणांची झोपायची सोय करायची हा हट्ट सोडणं मात्र अवघड गेलं. आम्ही कॅलेंडर काढून बघितलं. आई-बाबा बरोबर असतील अशा रात्री वर्षाला दहा-बारा. तेवढ्यासाठी ट्रेलर मोठा करण्यापेक्षा त्या रात्री मुलं आणि नवरा शेजारी तंबूत झोपतील, आणि जाताना दोन गाड्या न्यायच्या असं ठरलं. मुलांना तंबू कळल्यावर बंक विसरले गेले.

२० एप्रिलला घरापासून चाळीस मैलांवरच्या एका डीलरकडे २०२१ चा वापरलेला ट्रेलर मिळाला. वीस फुटांच्या आतला, एका आसाचा, जीव्हीडब्ल्यूआर ३८५०. दिवसा सोफा आणि रात्री भिंतीतून खाली उतरणारा पलंग, दोन्ही बाजूंनी मोकळा. समोरचं टेबल खाली केलं की दोन मुलं झोपतात. न्हाणी वेगळी. पोळपाट मावेल असा ओटा आहे का ते मी घरून पोळपाट नेऊन बघितलं. दोन शेगड्यांवर एका वेळी कुकर आणि तवा बसतात का, तेही.

किंमत सांगितली १६,९००, ठरली १५,८००. सही करण्याआधी स्वतंत्र तपासनीस बोलावला, ४५० डॉलर. त्याने २७ तारखेला पाच तास घालवले. छतावर एका खिडकीभोवतीचं सीलंट सुटत होतं. भिंतीत ओल नव्हती, ती त्याने मीटर लावून जागोजागी बघितली. टायर चांगले दिसत होते, पण त्याने मला खाली वाकायला लावून टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे दाखवले, ३४२०. म्हणजे २०२० सालचा चौतिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच उन्हात उभे राहून म्हातारे होतात. सीलंट डीलरने करून दिलं, टायर आम्ही ३६० डॉलरला नवे घातले.

४ मे रोजी कागद झाले. बिलात "तयारी शुल्क" म्हणून ४९५ डॉलर होते. किंमत ठरवताना त्याचा उल्लेख झाला नव्हता, म्हणून आम्ही शांतपणे बसून राहिलो आणि ते निघालं. कागदपत्रांचं शुल्क आणि सेल्स टॅक्स मात्र लागला, दोन्ही मिळून दीड हजाराच्या आसपास. आमच्या इलिनॉय राज्यात अशा ट्रेलरची नंबरप्लेट वजनाच्या वर्गानुसार मिळते. अर्जावर एकूण वजनाच्या जागी रिकामं वजन लिहिलेलं होतं, ते नवऱ्याच्या नजरेला आलं म्हणून बरं, नाहीतर चुकीच्या वर्गाची प्लेट आली असती. सही करण्याआधी लेबलचा फोटो समोर ठेवा आणि प्रत्येक आकडा ताडून बघा. तात्पुरता कागद लगेच मिळाला, प्लेट पाच आठवड्यांनी आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आलं. ट्रेलरचा वेगळा विमा वर्षाला ३२० डॉलर. आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात उभा करायला परवानगी नाही, म्हणून स्टोरेज महिन्याला ९० डॉलर. हा खर्च आधी डोक्यात नव्हता.

गाडीला हिच, सात पिनांचं वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर बसवायला हिचच्या दुकानात नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. १४ मे, एकूण ८२० डॉलर. ब्रेक कंट्रोलर ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसतो आणि गाडीबरोबर ट्रेलरचे ब्रेकही लावतो. इलिनॉयमध्ये तीन हजार पाउंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक असणं सक्तीचं आहे. भार पुढच्या चाकांवर वाटून देणारा आणि झोके आवरणारा हिच वेगळा घेतला, ४८० डॉलरचा. तो तुमच्या गाडीला चालतो का हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, ठोकळे, विजेचा सर्ज प्रोटेक्टर यांत आणखी चारशेच्या वर गेले.

१८ मे रोजी ट्रेलर डीलरकडून आणला, ताशी पंचावन्न मैलांनी, उजव्या लेनमधून. माझे हात घामेजले होते. पुढचा आठवडा संध्याकाळी एका मोकळ्या पार्किंगमध्ये मागे घ्यायचा सराव केला. स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला हात न्यायचा. एवढं एक कळल्यावर सुधारलं.

२५ मे रोजी, शनिवारी सकाळी, प्रवासाला भरतो तसं सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, गेलो. विमानाच्या बॅगा तेवीस किलोत बसवायला आपण जसा काटा घेऊन बसतो, तसाच हा प्रकार, फक्त काटा ट्रकचा. पहिल्या वजनाला तेव्हा पंधरा डॉलरच्या आसपास पडले, त्याच दिवशी पुन्हा केलं तेव्हा थोडे. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या आणि ट्रेलरची तिसऱ्या पट्टीवर येतील असं उभं राहायचं. एकदा त्या वेगळ्या हिचच्या भार वाटणाऱ्या दांड्या लावून, एकदा सोडून, आणि एकदा ट्रेलर बाजूला लावून नुसती गाडी. आमची चौघांसकट नुसती गाडी ५३०० भरली. दांड्या सोडून ट्रेलर जोडला तेव्हा गाडी ५७२० आणि ट्रेलरची चाकं ३०२०. म्हणजे हुकावर ४२०, ट्रेलर एकूण ३४४०, दांडीचा भार बारा टक्क्यांच्या थोडा वर. स्टिकरच्या मर्यादेपर्यंत अजून २८० पाउंड शिल्लक. दांड्या लावल्यावर पुढच्या चाकांवरून उचललेलं वजन बरंचसं परत आलं. मी तो कागद हातात धरून गाडीत बसले आणि मला रडू आलं. चार महिने कागदावर मांडलेला हिशोब काट्याने खरा करून दाखवला होता.

कागदाचा फोटो सांगलीला पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "उलाळ नाही. बरं झालं."

आई-बाबा २ जूनला पोचले. इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कमध्ये उन्हाळ्यात शनिवार-रविवारची जागा मिळणं कठीण, म्हणून १६ ते १९ जून, रविवार ते बुधवार, घेतली. त्या जागेवर ट्रेलरशेजारी छोटा तंबू चालेल का हे आधी विचारून घेतलं होतं. हायलँडरमध्ये मी, बाबा आणि मुलगी. आई, नवरा आणि मुलगा दुसऱ्या गाडीतून मागे. वाटेतल्या गॅरी शहराजवळच्या महामार्गावर ट्रक फार. लांब ट्रक शेजारून पुढे निघताना हवा ट्रेलरला आधी ढकलते आणि मग ओढते, गाडीला तो हिसका जाणवतो. पहिल्या ट्रकच्या वेळी माझा श्वास अडकला. ट्रेलर किंचित हलला आणि सरळ झाला. बाबा बाहेरच्या आरशात बघत होते. "बघ, मागनं येतोय तुझ्या चालीनं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी आरशावरची नजर हलवली नाही.

पहिल्या संध्याकाळी आईने मुगाची खिचडी लावली. ट्रेलरच्या छोट्या खिडकीतून कुकरची शिट्टी बाहेर गेली तशी शेजारच्या साइटवरची बाई डोकावून बघायला आली, आणि जाताना वाटीभर खिचडी घेऊन गेली. रात्री आईने पलंगाच्या दोन्ही बाजूंनी एकदा उतरून, एकदा चढून बघितलं. मी खाली टेबलाच्या बाकांवर झोपले होते. मध्यरात्री साउथ शोर लाइनची आगगाडी गेली तेव्हा जाग आली. आई उठली होती. संडासचं दार लागलं, पाण्याचा आवाज झाला आणि ती आपल्या बाजूने परत पलंगावर गेली. बाबांची झोप मोडली नाही.